कुजबुजत राग काढता येत नाही

"तुम्ही नेहमीच एवढ्या हळू बोलता का?"

माझ्या थेरपिस्टने हे मला अकराव्या सेशनला विचारलं. मी म्हटलं छे हो, माहेरी मला भोंगा म्हणायचे. मग इथेच का, असं तिने विचारलं आणि मी गप्प बसले, कारण त्याचं उत्तर दाराच्या पलीकडे बसून मटार सोलत होतं.

आमचं डोंबिवलीत वन बीएचके आहे, कार्पेट धरलं तर चारशे फूटही भरत नाही, त्यात मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. बुधवारी माझं वर्क फ्रॉम होम असतं म्हणून सेशन बुधवारी साडेपाचला, बेडरूममध्ये, दार लोटून. लोटून म्हणजे लोटूनच, कडी लावून नाही, कारण आमच्याकडे दिवसाढवळ्या कडी लागली की एकतर भांडण झालेलं असतं नाहीतर कोणाला तरी बरं नसतं, आणि दोन्ही वेळेला दोन मिनिटांत 'काय झालं गं?' म्हणून टकटक होतेच. त्यामुळे ऑफिसचा कॉल आहे असं सांगून बसायचे, कानात इअरफोन घालून. आता इअरफोनची गंमत अशी की त्याने समोरच्याचं बोलणं झाकलं जातं, आपलं नाही. म्हणजे सासूबाईंना थेरपिस्टचे प्रश्न ऐकू येत नव्हते, माझी उत्तरं मात्र येत होती, आणि उत्तरं बऱ्यापैकी त्यांच्याबद्दलच होती.

मग काय, कुजबुजले. अकरा आठवडे. आणि त्या दिवशी तिने विचारल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की कुजबुजत तक्रार करता येते, थोडंफार रडता येतं, चहाडी तर फारच छान करता येते, पण राग काढता येत नाही. रागाला पोटातून आवाज लागतो. मी गेले अडीच महिने एका सेशनचे बाराशे रुपये देऊन आठवड्याचा रिपोर्ट सादर करत होते, अमुक झालं, तमुक बोलल्या, मी काही बोलले नाही, आणि ती बिचारी त्यावरून माझं निदान करत बसली होती की ही बाई भावनांपासून फार लांब राहून बोलते. लांब कसली, पाच फुटांवर बसलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून बोलत होते.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे ऑनलाइन थेरपीतून जास्तीत जास्त फायदा कसा घ्यावा यावर जिथे तिथे जे सल्ले असतात, त्यातला पहिला सल्ला ठरलेला असतो: शांत, खासगी खोली निवडा. निवडा! जणू चार खोल्या रांगेत उभ्या आहेत आणि आपण त्यातली हवेशीर बघून घ्यायची. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती, आणखी ३२ टक्क्यांकडे दोन. आता थोडं सुधारलं असेल, धरून चालू. पण दोन खोल्यांत पाच माणसं असली तर 'निवडा' हा शब्द कोणाला उद्देशून आहे ते मला कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑनलाइन थेरपीचा फायदा किती होणार हे सगळ्यात आधी ठरतं ते तासभर बंद राहणाऱ्या दारावर. थेरपिस्टची डिग्री, अ‍ॅप, नेटचा स्पीड हे सगळं त्यानंतर. आणि हे दार मिळवणं ही एकट्या पेशंटची जबाबदारी आहे असं जे आपण गृहीत धरलंय ते चूक आहे, ती थेरपिस्टची पण आहे, घरातल्यांची पण आहे आणि हो, सरकारची आणि आपल्या गावातल्या संस्थांची पण आहे.

मी ऑनलाइनच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. मला ऑनलाइन नसतं तर थेरपी मिळालीच नसती. डोंबिवलीहून ठाण्याला जायचं, संध्याकाळच्या लोकलने, पन्नास मिनिटं बोलायचं आणि परत यायचं म्हणजे तीन तास, आणि तीन तास कुठे होतीस याचं दर आठवड्याला नवीन उत्तर शोधायचं. त्यापेक्षा ओव्हरटाइम बरा. आणि मी तर मुंबईच्या इतक्या जवळ आहे. आपल्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हटली की येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही नावं येतात, त्याच्या मधल्या माणसाने काय करायचं? देशात लाख लोकांमागे एक सायकियाट्रिस्टसुद्धा नाही, पाऊण आहे, ०.७५. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपण त्यातून सुटलो असू असं मला अजिबात वाटत नाही. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला आणि त्याच आठवड्यात टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्स आल्या, तेव्हापासून व्हिडिओवर डॉक्टरशी बोलणं हे अधिकृत झालं आणि अंगवळणीही पडलं. चिंता, नैराश्य यांच्यासाठी व्हिडिओवरची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) समोरासमोरच्या इतकीच उपयोगी पडते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्या अभ्यासांतल्या लोकांना कडी लावायची सोय होती का, हा माझा आपला खवचट प्रश्न.

कारण बघा, क्लिनिकमध्ये आपण फी देतो तेव्हा त्या फीमध्ये एक खोली येते. भिंती येतात. बाहेर बसलेली रिसेप्शनिस्ट येते जी कोणाला आत सोडत नाही. टेबलावर टिश्यूचा डबा येतो. ऑनलाइन झालं तेव्हा थेरपिस्टचं भाडं वाचलं (वाचू दे, मला त्याचं दुःख नाही), पण खोली शोधायचं काम गुपचूप आमच्याकडे सरकवलं गेलं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मग लोक खोली कुठे शोधतात? माझ्या ओळखीतलेच नमुने सांगते. ऑफिसातला एक मुलगा पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन घेतो, काचा वर, एसी बंद कारण इंजिन चालू ठेवलं तर वॉचमन येतो. तरी एकदा वॉचमनकाका आलेच, काचेवर टकटक करून म्हणाले, साहेब छातीत दुखतंय का, बोलवू का कोणाला. एक मैत्रीण बाथरूममध्ये नळ सोडून बसते. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीकडे पाच खोल्या आहेत, दारं आपोआप बंद होतात, पण तिला हवी मराठी थेरपिस्ट आणि तिकडे थेरपिस्टला ज्या त्या राज्याचं लायसन्स लागतं, तेव्हा ती आपल्या सकाळी पुण्यातल्या बाईशी बोलते, तिच्याकडे रात्र असते आणि नवरा शेजारी झोपलेला असतो म्हणून बेसमेंटमध्ये जाते. मी स्वतः काही दिवस गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे सावली असते. पण तिथे पंप सुरू झाला की काही ऐकू येत नाही, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवऱ्याला लिफ्टमध्ये विचारलं की वहिनी रोज गच्चीवर फोनवर असतात, सगळं ठीक ना? रोज नाही हो, फक्त बुधवारी. पण त्या 'सगळं ठीक ना'मध्ये काय होतं ते नवऱ्यालाही कळलं आणि मलाही.

इथे हमखास कोणीतरी म्हणणार, पूर्वी कुठे होती थेरपी, बायका एकत्र बसायच्या, बोलायच्या, मन मोकळं व्हायचं. बरोबर आहे. पण कुठे बोलायच्या ते बघा ना. पहाटे जात्यावर. घर झोपलेलं, आणि जात्याची घरघर अशी की दोन हातांपलीकडे शब्द कळत नाही. सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची आठवण, गेलेलं मूल, हे सगळं तिथे निघायचं. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' असं आपण फार कौतुकाने म्हणतो, मला हल्ली वाटतं जात्यावर बसल्याशिवाय ओवी म्हणायची सोयच नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, आता त्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. ऐका कधीतरी. एवढं सगळं बोलायला त्या बायकांना एक मोठ्या आवाजाचं यंत्र आणि घर झोपलेलं असतानाचा तासभर लागत होता. गिरणी आली, हात सुटले, पाठ सुटली, फार चांगलं झालं, पण तो तासही गेला.

नंतर, मला आठवतं, ती जागा एसटीडी बूथने घेतली. पिवळी पाटी, काचेचं दार, आत स्टूल, समोर लाल आकडे पळणारं मीटर. रात्री रेट कमी झाला की रांग लागायची. माझी आत्या लग्नानंतर आमच्याकडे फोन करायची ती नाक्यावरच्या बूथमधून, घरी फोन असूनसुद्धा, आणि आम्हाला लहानपणी वाटायचं की आत्याला किती हौस आहे पैसे खर्च करायची. त्या काचेच्या खोक्यात बाई रडताना दिसायची पण ऐकू यायची नाही, आणि बाहेरचा माणूस मान फिरवून उभा राहायचा, घाई असली तर फार तर घड्याळ बघायचा. पाच-दहा रुपयांत भाड्याने मिळणारी खासगी खोली होती ती, प्रत्येक नाक्यावर. मोबाइल आला, आपल्याला वाटलं आता कुठूनही बोलता येईल. कुठूनही बोलता येतं हे खरंच, बोलायला कुठे जायचं ते मात्र राहिलं नाही.

बंद दाराचं दुसरं टोक म्हणजे पलीकडे ऐकतंय कोण. र. धों. कर्व्यांचं लैंगिक आरोग्यावरचं मासिक 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ असं सव्वीस वर्षं चाललं, त्यात वाचक पत्रं पाठवून असे प्रश्न विचारायचे की जे घरात उच्चारायची सोय नव्हती. म्हणजे न बघितलेल्या माणसाला आपलं गुपित सांगायची सवय मराठी माणसाला इंटरनेटने लावलेली नाही. फक्त तेव्हा पाकीट चिकटवलेलं असायचं. आता पाकिटाचं काय होतं ते बघा: अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या थेरपी कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३मध्ये कारवाई केली, लोकांनी खासगी म्हणून भरलेली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना जाहिरातीसाठी दिली म्हणून, ७८ लाख डॉलर भरायला लागले. फिनलंडमध्ये वास्तामो नावाच्या थेरपी सेंटरच्या नोंदी हॅक झाल्या आणि २०२०मध्ये हजारो पेशंट्सना थेट ईमेल आले, पैसे द्या नाहीतर तुम्ही थेरपिस्टला काय सांगितलंत ते जगाला दाखवतो. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ आहे, माहिती गुप्त ठेवायचा पेशंटला हक्क आहे. चांगलंच आहे. पण कायद्याने थेरपिस्टच्या तोंडाला कुलूप लावता येतं, हॉलमध्ये बसलेल्या माणसाच्या कानाला कसं लावणार?

अजून एक पडदा मी शोधला होता, तो म्हणजे इंग्रजी. सासूबाईंचं शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा नाजूक वाक्य आलं की मी गाडी इंग्रजीत वळवायचे. आय फील अनहर्ड. देअर आर नो बाउंड्रीज. मला वाटायचं मी फार हुशारी करतेय. पण त्या वाक्यांनी माझ्या आत काही हललंच नाही, ती वाक्यं माझी नव्हतीच, कुठल्या तरी रीलमधली होती. थेरपिस्ट एकदा म्हणाली, हेच मराठीत सांगा बरं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "मी आतल्या आत कुढते हो," आणि पुढे बोलताच आलं नाही. कुढणं. याला इंग्रजीत काय म्हणणार? त्यात राग आहे, दुःख आहे, हट्ट आहे, आणि कोणी विचारलं तर 'काही नाही' म्हणायची तयारी पण आहे. एवढा शब्द आईकडून आजीकडून चालत आलेला, आणि मी तो दहा सेशन बाजूला ठेवला कारण तो बाहेर समजला असता.

गृहपाठाचंही तेच. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणून रुजवली, ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून काम करतेय, त्यामुळे मराठी मध्यमवर्गाला 'विचार लिहून काढा, तपासून बघा' हे नवीन नाही. आणि त्याचा उपयोग होतो, सेशनमधल्या पन्नास मिनिटांपेक्षा मधल्या सहा दिवसांत काय केलं त्यावर बरंच अवलंबून असतं. पण वही ठेवायची कुठे? मी किराणाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे, तूरडाळ, साबण, पोहे, आणि मागे उलट्या बाजूने 'माझं कोणी ऐकत नाही हा विचार कितपत खरा'. एक दिवस मुलगा ती वही घेऊन वाण्याकडे गेला. तो काही बोलला नाही. त्याने काही वाचलं की नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही, आणि त्यानंतर मी महिनाभर काही लिहिलं नाही, आता फोनमध्ये लिहिते, त्याला लॉक आहे.

'एवढं लपवायचं कशाला, सांगून टाक ना घरात.' हे मला दोघी-तिघींनी सांगितलं आणि त्यात तथ्य आहे म्हणून मी आठव्या महिन्यात सांगितलं. नवऱ्याला थोडी कल्पना होती, त्याने पैसे किती एवढंच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं मग मला सांगायचंस, मी काय परकी आहे?" मग थोडं थांबून, "माझ्याबद्दलच सांगत असशील." मी म्हटलं तसं नाही हो आई, सगळंच असतं. त्या खरंच समजुतीने वागल्या, बुधवारी साडेपाचला दार लावून घ्यायला मला कोणी अडवलं नाही. फक्त त्या दिवसापासून साडेपाच वाजले की हॉलमधल्या टीव्हीचा आवाज कमी व्हायला लागला. एरवी आमच्याकडे मालिका अशी लागते की खालच्या मजल्यावर डायलॉग पाठ आहेत.

मी त्यांना दोष देत नाहीये. आपल्याबद्दल पलीकडे काही बोललं जातंय हे माहीत असताना ऐकू न येण्याचा प्रयत्न करणं ही फार मोठी साधना आहे, मला तरी जमली नसती. म्हणून तर मला वाटतं 'घरातल्यांना विश्वासात घ्या' या सल्ल्याने निम्मंच काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी जागा घराबाहेरच लागते.

आणि ती जागा करता येते, अशक्य काही नाही त्यात. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत ना? बाळाला पाजायला बाईला अर्धा तास आडोसा लागतो हे आपण एकदा मान्य केलं आणि खोल्या निघाल्या. (त्यातल्या किती उघड्या सापडतात हा वेगळा विषय.) एमपीएससीच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. राज्यात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, सरकारी अनुदान घेणारी ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत, त्यातल्या कित्येक ठिकाणी संध्याकाळी पेपर चाळणारे चार आजोबा सोडले तर कोणी नसतं. तिथे एका कोपऱ्यात चार बाय पाचची केबिन, आतून कडी, एक खुर्ची, पंखा, प्लग पॉइंट आणि वायफाय. एवढंच. आयटी कंपन्यांत अशी काचेची फोन बूथ्स असतातच, हिंजवडीत जाऊन बघा, माणसं त्यात बसून क्लायंटशी बोलतात. काही कंपन्या तर थेरपीच्या सेशनचे पैसेही देतात आणि लोक ते वापरत नाहीत कारण एचआरला कळेल अशी भीती असते, आणि ती भीती काढायचं काम एका मेलने होत नाही.

लगेच शंका निघेल की अशा केबिनमध्ये गेलेलं दिसलं की लोक म्हणणार बघा, ही वेड्यांची खोली. म्हणून तिला थेरपीची खोली म्हणायचंच नाही. फोनची खोली म्हणा. कोणी नोकरीचा इंटरव्ह्यू देईल, कोणी बँकेशी भांडेल, कोणी माहेरी फोन करेल, कोणी प्रेमात असेल. एसटीडी बूथमधला माणूस कोणाशी बोलतोय ते कोणाला कळत होतं? सरकारने १० ऑक्टोबर २०२२पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केलीय, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. उत्तम सोय आहे, ज्याला जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय त्याने तर पुढच्या बुधवारची वाट न बघता तिथे फोन लावावा. पण तो फोन लावायचा कुठून, हा प्रश्न उरतोच. कोकणात लॉकडाऊनमध्ये मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची ते आपण बघितलं, बातम्या झाल्या, कौतुक झालं. खासगी बोलायला जागा नाही म्हणून बातमी होत नाही, कारण ते ज्याला खटकतं तो गप्पच असतो.

थेरपिस्ट लोकांनाही मला एक सांगायचंय. पहिल्या सेशनला तुम्ही पत्ता विचारता, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा ते विचारता, कारण उद्या काही झालं तर माणूस कुठे बसलाय हे कळायला हवं. बरोबर आहे, द्यावा तो नंबर, टाळाटाळ करू नये. त्याच फॉर्ममध्ये अजून दोन ओळी टाका: आत्ता तुमचा आवाज कोणापर्यंत जातोय? आणि ज्याच्यापर्यंत जातोय त्याच्याबद्दल तुम्हाला बोलायचंय का? घरात मारहाण असेल तर हा प्रश्न जिवाशी आहे, तिथे आधीच एखादा शब्द ठरवून ठेवावा, तो आला की विषय बदलायचा, किंवा हो-नाहीत उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारायचे, किंवा टाइप करून बोलायचं. मुंबईच्या टिस या समाजविज्ञान संस्थेची आयकॉल हेल्पलाइन २०१२पासून ईमेलवर पण बोलते, ते उगाच नाही. माझ्या थेरपिस्टने अकरा आठवड्यांनी विचारलं आणि नंतर प्रांजळपणे म्हणाली की हे मी आधीच विचारायला हवं होतं. तिथून आमचं गाडं खरं सुरू झालं.

बाकीच्या टिप्स पटकन सांगून टाकते कारण त्या सगळीकडे आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेणाऱ्याचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर विचारा, विचारायची लाज वाटायचं कारण नाही, गोळ्या फक्त डॉक्टर देतो. स्वतःचा चेहरा स्क्रीनवरून लपवा, नाहीतर पन्नास मिनिटं आपण आपलेच केस बघत बसतो. सेशन संपल्या संपल्या कुकर लावायला उठू नका, दहा मिनिटं नुसतं बसा. विम्याचं म्हणाल तर त्याच २०१७च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं आहे, पण पॉलिसी बहुतेक अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देते, तेव्हा बाराशे आपल्याच खिशातून. आणि पटत नसेल तर थेरपिस्टला तोंडावर सांगा की मला याचा उपयोग होत नाहीये. आपल्याला डॉक्टरसमोर मान डोलवायची सवय आहे, 'हो मॅडम, बरं वाटतंय' म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यापासून गायब व्हायचं. ते सांगायलासुद्धा, परत तेच, आवाज चढवता येईल अशी जागा लागते.

मला ती शेवटी शेजारीच मिळाली. आमच्या समोरच्या काकू बुधवारी पाच ते साडेसहा भजनी मंडळात असतात. एकदा जिन्यात मी त्यांना म्हटलं, काकू, तासभर तुमच्याकडे बसू का, कॉल असतो, घरात फार आवाज येतो. त्यांनी कमरेची किल्ली काढून हातात दिली आणि कसला कॉल ते विचारलं नाही. त्यांच्या हॉलमध्ये काकांचा फोटो आहे चंदनाचा हार घातलेला, त्याच्या बरोबर खाली सोफा. पहिल्या दिवशी मी आतून कडी लावली आणि तरीही कुजबुजतच बोलायला सुरुवात केली, थेरपिस्ट हसली, म्हणाली आता कोण आहे तिथे? मी म्हटलं काका आहेत. मग वीसेक मिनिटांनी कशावरून तरी, आता आठवतही नाही नीट, बहुतेक चहाच्या कपावरून, माझा आवाज असा चढला की मीच दचकले. घसा दुखला रात्री.

चार महिने झाले त्याला. परवा किल्ली परत द्यायला गेले तर काकू दारातच उभ्या राहिल्या, टाळ अजून पिशवीतून काढले नव्हते.

"तुझी ती बाई मराठी बोलते का गं?"

म्हटलं हो. आणि तुम्हाला कसं कळलं हे विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मोबाइलवर होतं ना ते? साध्या मोबाइलवर होतं का? माझ्याकडे तर दिवसभर कोणी नसतं."